मणक्याला मार लागल्यावर फिजिओथेरपी: आधी काय शाबूत राहिलंय ते तपासा, मग व्यायाम

आंब्याचा सीझन सुरू झाला की आमच्याकडे कोकणात झाडावरून पडलेली माणसं यायला लागतात, मग पावसाळ्याआधी कौलं परतायला छपरावर चढलेले, नारळ पाडणारे, आणि वर्षभर स्लॅबवरून पडलेले नि बाईक ॲक्सिडेंटवाले असतातच. ऑपरेशन होतं, मणक्यात रॉड आणि स्क्रू बसतात, काही दिवसांनी डिस्चार्ज मिळतो आणि माणूस घरी येतो. कमरेखाली काही हलत नाही, लघवीची पिशवी लावलेली आणि पेपरवर शेवटी एक ओळ, "फिजिओथेरपी चालू ठेवा". मी फिजिओ म्हणून अशा घरांत बरीच वर्षं जातोय, बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशी कोणीतरी पायाला तेल चोळत असतं आणि कोणीतरी पाय जोरजोरात वरखाली करत असतं. त्यात माया असते, मी कधीच त्यांना रागावत नाही, पण नक्की काय गेलंय आणि काय वाचलंय हे कोणी त्यांना समजावूनच सांगितलेलं नसतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, घरच्यांसाठी आणि नवीन फिजिओंसाठी पण.

हात लावायच्या आधी विचारायचं

सर्जनला तीन गोष्टी विचारा: मणका आता पक्का आहे का, बसवताना बेल्ट किंवा कॉलर लागेल का, आणि कुठली हालचाल करायची नाही. मणका अजून कच्चा असेल तर पाठीच्या किंवा कमरेच्या मारात सरळ पाय ६० अंशांच्या वर उचलत नाहीत आणि खुब्यात पाय ९० च्या पुढे वाकवत नाहीत, मानेच्या मारात मान अजिबात हलवायची नाही आणि खांदा ९० अंशांच्या वर नेताना फार जपायचं. डिस्चार्ज पेपरवर हे लिहिलेलं नसेल तर लिहून मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे स्पायनल शॉक. मार लागल्यावर सुरुवातीचे काही दिवस, कधी काही आठवडे, माराच्या खालचं सगळं एकदम ढिलं पडतं, रिफ्लेक्स पण येत नाहीत. त्यामुळे पहिल्याच दिवशीच्या तपासणीवरून "आता काही होणार नाही" असं कोणी बोललं तर ते शेवटचं धरू नका. साधारण ७२ तासांनंतरची तपासणी पुढचा अंदाज बांधायला जास्त कामाची असते.

मुख्य तपासणी: एशिया चार्ट

जगभर मज्जारज्जूच्या मारासाठी एकच चार्ट वापरतात, त्याला आम्ही एशिया चार्ट म्हणतो (एएसआयए, म्हणजे अमेरिकन स्पायनल इंजुरी असोसिएशन). एका कागदावर पूर्ण माणूस असतो, पुढून आणि मागून. हा कागद भरलेला नसेल तर फिजिओला भरायला सांगा आणि त्याची कॉपी फाईलमध्ये ठेवा, माझ्या मते एमआरआयच्या फिल्मपेक्षा हा कागद रिहॅबमध्ये जास्त उपयोगी पडतो, कारण एमआरआय नस कुठे दबली ते दाखवतो आणि हा कागद काय चालू आहे ते दाखवतो.

आधी स्पर्श. पेशंट उताणा झोपलेला, डोळे मिटलेले. शरीराच्या प्रत्येक बाजूला २८ ठरलेल्या जागा आहेत, त्या प्रत्येक ठिकाणी एकदा कापूस टेकवायचा आणि एकदा सेफ्टी पिन. तुलना गालाशी करायची, "गालावर लागलं तसंच लागतंय का?" तसंच लागलं तर २, लागतंय पण वेगळं लागतंय तर १, काहीच नाही तर ०. पिनच्या वेळी टोचतंय की बोथट लागतंय हे ओळखता आलं पाहिजे, ओळखता येत नसेल तर शून्यच धरायचं. मज्जारज्जूच्या टप्प्यांना अक्षर आणि आकडा असतो, सी म्हणजे मान, टी म्हणजे छातीमागची पाठ, एल म्हणजे कंबर, एस म्हणजे त्याखालचा भाग. काही जागा घरच्यांनी पण लक्षात ठेवाव्यात: अंगठा म्हणजे सी ६, मधलं बोट सी ७, करंगळी सी ८, छातीवर स्तनाग्राची रेषा टी ४, बेंबी टी १०, गुडघ्याची आतली बाजू एल ३, पावलाची वरची बाजू एल ५, टाचेची बाहेरची बाजू एस १. पिन प्रत्येक पेशंटला नवीन घ्यायची आणि काम झालं की टाकून द्यायची.

मग ताकद. प्रत्येक बाजूला १० स्नायू, प्रत्येकाला ० ते ५ मार्क, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून १००. हातात कोपर वाकवणं सी ५, मनगट वर उचलणं सी ६, कोपर सरळ करणं सी ७, मधल्या बोटाचं टोक वाकवणं सी ८, करंगळी बाहेर नेणं टी १. पायात मांडी वर उचलणं एल २, गुडघा सरळ करणं एल ३, पाऊल वर उचलणं एल ४, पायाचा अंगठा वर करणं एल ५, पाऊल खाली दाबणं एस १. ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे हाताला नुसती थरथर जाणवते, २ म्हणजे वजन काढून आडवं ठेवलं तर पूर्ण हलतं, ३ म्हणजे वजनाविरुद्ध उचलता येतं, ४ आणि ५ मध्ये आपण विरोध करून बघतो.

इथे नवीन फिजिओ हमखास फसतात, मी पण सुरुवातीला फसलोय. मानेचा मार असलेला पेशंट कोपर सरळ करून दाखवतो आणि आपण सी ७ ला ३ लिहून टाकतो, पण खरं तर त्याने खांदा बाहेर फिरवला आणि हात स्वतःच्या वजनाने सरळ पडला. तसंच हात उताणा केला की मनगट आपोआप मागे पडतं, ते उचललेलं नसतं. म्हणून वजन काढलेल्या पोझिशनमध्ये धरून, दुसरं बोट स्नायूवर ठेवून, तिथे खरंच आवळतंय का ते बघायचं. घरचे मोबाईलवर व्हिडिओ दाखवतात, "बघा सर, पाय हलला", आणि त्यांचे डोळे भरलेले असतात. तेव्हा मी त्यांच्यासमोरच पेशंटला तीनदा सांगतो, हलव, सोड, परत हलव. सांगितल्यावर तीनही वेळा आलं आणि सोड म्हटल्यावर थांबलं तर ती त्याची स्वतःची हालचाल, पांघरूण ओढल्यावर किंवा पाय धुताना उडी मारत असेल तर तो स्पॅझम, म्हणजे स्नायूचा आपोआप येणारा झटका. स्पॅझम म्हणजे वाईट बातमी असं नाही, पण ती वेगळी गोष्ट आहे आणि हे पहिल्याच दिवशी प्रेमाने सांगितलेलं बरं.

शेवटचा भाग सगळेच टाळतात, गुदद्वाराची तपासणी. तिथल्या कडेला स्पर्श आणि पिन कळते का, आत बोटाने दाबलेलं कळतं का, आणि सांगितल्यावर आवळता येतं का. ही डॉक्टरांनी किंवा ट्रेनिंग झालेल्या माणसानेच करायची, पण झालीच पाहिजे, कारण मज्जारज्जूचा सगळ्यात खालचा टप्पा तिथे कळतो. तिथे काहीच नसेल तर ग्रेड ए, म्हणजे कंप्लीट. तिथे स्पर्श किंवा दाब कळतोय पण खाली हालचाल नाही तर बी. हालचाल आहे पण लेव्हलच्या (जिथपर्यंत सगळं नीट आहे त्या शेवटच्या टप्प्याच्या) खालच्या निम्म्याहून जास्त स्नायूंना ३ पेक्षा कमी मार्क आहेत तर सी, निम्मे किंवा जास्त स्नायू ३ किंवा त्याच्या वर असतील तर डी, आणि आधी बिघडलेलं सगळं परत आलं तर ई. एका पेशंटच्या पेपरवर एका मोठ्या हॉस्पिटलने कंप्लीट लिहिलं होतं आणि ही शेवटची तपासणी केलेलीच नव्हती, सहा आठवड्यांनी ती झाली तेव्हा कळलं की तिथे पिन कळतेय. त्या घराने ते सहा आठवडे कसे काढले ते मला माहितीय, त्यामुळे मी याबाबतीत फार हट्टी आहे.

"चालेल का?" याचं उत्तर कसं द्यायचं

हा प्रश्न येतोच आणि यायलाच पाहिजे. बी ग्रेडमध्ये पिन कळणाऱ्याची शक्यता नुसता कापूस कळणाऱ्यापेक्षा चांगली असते. इनकंप्लीट (म्हणजे बी, सी, डी ग्रेडच्या) मारात महिन्याभराने जो स्नायू १ किंवा २ ला आहे, तो वर्षभरात ३ पर्यंत पोचायची चांगली आशा धरता येते. पहिल्या १५ दिवसांतल्या तपासणीवरून अंदाज बांधायचा एक नियम २०११ साली डच संशोधकांनी मांडला, त्यात फक्त पाच गोष्टी बघतात: वय ६५ च्या खाली की वर, गुडघा सरळ करायची ताकद, पाऊल खाली दाबायची ताकद आणि याच दोन लेव्हलचा हलका स्पर्श. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, पुढे सहा ते नऊ महिने तो कमी होत जातो, तरी वर्ष-दीड वर्ष थोडं थोडं येत राहतं. म्हणून चार्ट एक महिना, तीन महिने, सहा महिने आणि एक वर्षाला परत भरायचा, तारीख टाकून. खोटी आशा द्यायची नाही आणि आशा तोडायची पण नाही, आकडे समोर ठेवून बोललं की घरचे ऐकतात.

चार्टबाहेरची तपासणी

त्वचा रोज. माकडहाड, दोन्ही बैठकीची हाडं, खुब्याच्या बाजू, टाचा, घोटे. लाल डाग बोटाने दाबून सोडला आणि पांढरा पडत नसेल तर तो बेडसोरची सुरुवात आहे, त्या जागेवर वजन द्यायचंच नाही. पिंडऱ्यांचा घेर टेपने मोजून लिहा, एका बाजूला अचानक फरक पडला, सूज आली, गरम लागलं तर रक्ताची गाठ असू शकते, तेव्हा व्यायाम बंद आणि थेट डॉक्टर, पहिले तीन महिने हा धोका जास्त. आणि म्हणूनच पिंडरी चोळायची नाही. खुबा किंवा गुडघा अचानक कडक झाला, सुजला, तर स्नायूत हाड तयार होत असू शकतं, तेव्हा जोर लावून वाकवू नका.

मानेच्या आणि छातीच्या वरच्या मारात श्वास बघायचा. श्वासाच्या पडद्याचा स्नायू (डायफ्रॅम) सी ३, ४, ५ वर चालतो, पण खोकायला पोटाचे स्नायू लागतात आणि ते नसतात, म्हणून कफ साठतो. एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते रोज लिहा, आकडा घसरत चालला तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. खोकताना घरच्यांनी बेंबीच्या वर तळहात ठेवून आत आणि वर दाब द्यायचा, हे फिजिओकडून समोर उभं राहून शिकून घ्या.

बेडवरचे दिवस

दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्री पण, मोबाईलला अलार्म लावून आणि घरात पाळी लावून, नाहीतर एकटी बायको किंवा आई पार थकून जाते. टाचा अधांतरी राहतील अशी उशी पिंडरीखाली, पाऊल ९० अंशांत टेकवलेलं. मधे भोक असलेली हवेची रिंग वापरू नका, ती कडेने रक्त अडवते. गरम पिशवी, विटेचा शेक, बिब्बा यातलं काहीही नको, त्याला भाजलेलं कळत नाही आणि असे फोड भरायला महिने जातात हे मी बघितलंय.

सांधे रोज पूर्ण फिरवायचे, हळू. पण दोन ठिकाणी मुद्दाम कडकपणा राखायचा, आणि हे माहीत नसल्याने फार नुकसान होतं. सी ६ च्या पेशंटला मनगट उचलता येतं पण बोटं हलत नाहीत. मनगट वर उचललं की बोटं आपोआप मिटतात, त्या पकडीत तो चमचा, मोबाईल, ब्रश धरू शकतो. कोणी रोज मनगट आणि बोटं दोन्ही एकदम मागे ताणली तर ती पकड कायमची जाते. म्हणून बोटं सरळ करायची तेव्हा मनगट खाली वाकवलेलं, मनगट वर न्यायचं तेव्हा बोटं मिटलेली. दुसरी जागा कंबर. पाय लांब करून बसायला मांडीमागचा स्नायू सरळ पाय १०० ते ११० अंश उचलता येईल इतका लांब लागतो (मणका पक्का झाल्यावरच), पण कंबर मात्र ढिली करायची नाही, तिच्या ताठपणावर बसताना तोल राहतो आणि हाताने ढकललं की अंग सरकतं. म्हणून पुढे वाकवून कंबर ताणू नका, झोपवून एकेक पाय ताणा.

बसवताना

एकदम उठवलं तर चक्कर येते, कारण रक्त पायात साठतं. पोटाचा बेल्ट बांधा, पायात घट्ट मोजे घाला, आणि पाठ ३० अंश, मग ४५, मग ६० अशी दिवसादिवसाने वर न्या, बीपी बघत. डोळ्यांपुढे अंधारी आली तर परत आडवं करा.

याच्या बरोबर उलट एक गोष्ट आहे आणि ती जीवावर बेतू शकते. मार टी ६ किंवा त्याच्या वर असेल तर लघवी तुंबली, संडास अडकला, नख रुतलं किंवा कपडा टोचला तरी बीपी एकदम चढतं. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, माराच्या वर घाम फुटतो. या लोकांचं नेहमीचं वरचं बीपी ९० ते ११० असतं, त्यामुळे १४० बघून दवाखान्यात कोणी "नॉर्मल आहे" म्हणू शकतं, पण नेहमीपेक्षा २० वर गेलं की धोका धरायचा. तेव्हा झोपवायचं नाही, ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, बेल्ट-मोजे सगळं सैल करायचं, कॅथेटर (लघवीची नळी) मुरगळलाय का आणि पिशवी भरलीय का बघायचं, कॅथेटर नसेल तर नळी घालून लघवी काढायची, मग संडास, मग त्वचा. बीपी दर काही मिनिटांनी. कारण सापडलं नाही किंवा बीपी उतरत नाही तर गाडी काढा. "ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया" हे नाव आणि नेहमीचं बीपी एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा, तालुक्याच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता ही चिठ्ठी कामाला येते.

गादीवरचे व्यायाम आणि ट्रान्सफर

आधी कूस बदलणं, स्वतःचं स्वतः. ज्या बाजूला वळायचं तिकडे वरचा पाय घोट्यावर टाकून द्या, दोन्ही हात जोडून सरळ वर, आणि डावी-उजवी झोके द्यायचे, तिसऱ्या झोक्याला डोकं आणि हात जोरात टाकले की अंग पाठोपाठ येतं. मग कोपरांवर येणं, मग पाय लांब करून हात मागे टेकून बसणं, मग हात सोडून बसणं, आरसा समोर ठेवून. मग हातांवर जोर देऊन बूड उचलणं. हे दोन-तीन इंच उचललं गेलं की ट्रान्सफरची, म्हणजे चेअरवरून बेडवर आणि परत सरकायची वेळ आली.

ट्रान्सफरचं गुपित एकच, डोकं जिकडे त्याच्या उलट बूड. व्हीलचेअर बेडला तिरकी लावा, ब्रेक लावा, चेअरचा बेडकडचा हात काढा, गुळगुळीत फळी बुडाखाली सरकवा, पुढे झुका, डोकं बेडच्या उलट बाजूला न्या आणि ढकला. घासत ओढायचं नाही, कातडी सोलते. कोपर सरळ करायची ताकद असणारे म्हणजे सी ७ पासून खालचे लोक बरेचदा हे एकटे करतात, सी ६ वाले फळीवर आणि मदतीने.

व्हीलचेअर आणि कॅलिपर

दुकानातली पहिली चेअर उचलून आणू नका. मांडीच्या दोन्ही बाजूंना बोट जाईल इतकीच रुंदी, गुडघ्यामागे दोन-तीन बोटं मोकळी, चेअरचे हात आणि पाय ठेवायची पायरी निघणारी, आणि गादी चांगली, पैसे कमी असतील तर चेअर साधी घ्या पण गादी चांगली घ्या. घराचे दरवाजे आधी टेपने मोजा, आमच्याकडच्या जुन्या घरांत उंबरा आणि संडासचं दार इथेच सगळं अडतं. चेअरमध्ये दर १५ ते ३० मिनिटांनी वजन हलवायचं, छाती मांडीकडे नेऊन पुढे झुका आणि दोन मिनिटं तसंच राहा, नुसतं हातांवर उचलून पाच सेकंदात बसलं तर रक्त परत यायला वेळ मिळत नाही आणि खांदे पण झिजतात.

एल ३ आणि खालचा मार असेल तर छोट्या स्प्लिंटवर आणि काठ्यांवर रोजचं चालणं जमू शकतं. छातीच्या मारात लांब कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) आणि वॉकर घेऊन उभं राहता येतं, काही पावलं टाकता येतात, पण दम फार लागतो, म्हणून ते व्यायाम म्हणून करा आणि कामाला चेअर वापरा. चेअर वापरणं म्हणजे हरणं असं समजून तरुण मुलं वर्षभर घराबाहेर पडत नाहीत, ते बघवत नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले, हे मी प्रत्येक पोराला सांगतो.

लघवी, संडास आणि पुढची वर्षं

कायमची पिशवी शक्य तितक्या लवकर सोडवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने दर ४ ते ६ तासांनी स्वच्छ नळी घालून लघवी काढायला शिका, एका वेळी ५०० मिलीच्या वर जाऊ देऊ नका. संडास रोज किंवा एक दिवसाआड, ठरलेल्या वेळी, खाल्ल्यानंतर अर्ध्या तासाने, कारण तेव्हा आतडं आपोआप हलतं. स्पॅझम अचानक वाढले तर गोळी वाढवायच्या आधी इन्फेक्शन, बेडसोर, रुतलेलं नख शोधा.

मोठं रिहॅब हवं असेल तर मुंबईत हाजीअलीची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन १९५५ पासून हेच काम करतेय, सैन्यातल्यांसाठी पुण्याजवळ खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढायला लवकर लागा.

वर्षातून एकदा किडनीची सोनोग्राफी, दर सहा महिन्यांनी खांद्यांची तपासणी, आणि रोज रात्री झोपताना लांब दांड्याच्या आरशात बूड आणि टाचा त्याने स्वतः बघायच्या, तो आरसा पलंगाच्या कडेलाच बांधून ठेवा.